गाठ कुठे मारली आहे

आमच्या घरात चिंचोके फेकून द्यायची पद्धत नव्हती. सांगोल्याच्या आमच्या गल्लीत सणगरांची पाच-सहा घरं, आणि प्रत्येक घरात खड्ड्यातला माग. चिंचा फोडायचे दिवस आले की आई शेजारपाजारहून चिंचोके गोळा करून आणायची. ते भिजवायचे, वरचं तांबूस टरफल काढायचं, आतला पांढरा गर वाटायचा आणि मोठ्या पातेल्यात शिजत ठेवायचा. ढवळता ढवळता पळी जड झाली की खळ तयार. मग माझे वडील, आण्णा, लोकरीचा ताणा गल्लीत लांबच्या लांब ताणायचे आणि कुंच्याने त्यावर खळ चढवायचे. उन्हात वाळल्यावर तोच जागोजागी तुटणारा केसाळ धागा ताठ व्हायचा, मागाचे हिसके सोसायचा.

चिंचोके सोलून बोटं दुखायची, म्हणून मी एकदा विचारलं होतं, "आण्णा, ज्वारीच्या पिठाची खळ का नाही करत?" ते म्हणाले, "पीठ येगळं, चिंचोका येगळा. दोन्ही चिकट हायेत म्हणून एक झालं व्हय?"

दोन्हींत नेमकं काय वेगळं, हे मला पुढे पंधरा वर्षांनी प्रयोगशाळेत कळलं. वनस्पतींमधल्या पॉलिसॅकराइडांची रचना उलगडणं हे तेव्हापासून माझं काम आहे. त्यांचा आपल्या रोगप्रतिकारशक्तीशी काय संबंध, हा प्रश्न नंतर येऊन त्याला जोडला गेला. करोनाच्या दोन वर्षांत तर माझ्या फोनवर दुसरा प्रश्नच नव्हता.

पॉलिसॅकराइड म्हणजे साध्या साखरांच्या मण्यांची लांब माळ. ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च ही ग्लुकोजची माळ आणि ज्वारीच्या कडब्यातलं सेल्युलोज हीसुद्धा ग्लुकोजचीच माळ. मणी तोच, एका मण्याचा पहिला कार्बन पुढच्या मण्याच्या चौथ्या कार्बनला जोडलेला, हेही तेच. फरक एवढाच की स्टार्चमध्ये तो बंध एका दिशेला झुकलेला असतो आणि सेल्युलोजमध्ये दुसऱ्या. रसायनशास्त्रात पहिल्याला अल्फा म्हणतात, दुसऱ्याला बीटा. या झुकण्यामुळे स्टार्चची माळ मळसूत्रासारखी वळते, पाण्यात शिजते, आपल्या पोटात पचते. सेल्युलोजच्या माळा सरळसोट राहतात, एकमेकींना घट्ट चिकटून बसतात. म्हणून भाकरी आपण खातो आणि कडबा गुरांपुढे टाकतो. गाईलाही तो स्वतःच्या बळावर पचत नाही. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव तो पचवतात.

चिंचोक्यातल्या पॉलिसॅकराइडचं नाव झायलोग्लुकन. त्याचा कणा कडब्यातल्या सेल्युलोजसारखाच, बीटा बंधांचा. पण दर चार ग्लुकोजपैकी साधारण तिघांवर झायलोज नावाच्या साखरेचा एकेक मणी लोंबत असतो, आणि त्यातल्या काही झायलोजवर आणखी एक गॅलॅक्टोजचा मणी. या लोंबत्या मण्यांमुळे माळा एकमेकींना बिलगू शकत नाहीत. त्यांच्यामध्ये पाणी शिरतं आणि खळ होते. एका विकराने त्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त गॅलॅक्टोज काढून टाकला, तर तेच पाणी तापवल्यावर जेलीसारखं घट्ट होतं आणि थंड झाल्यावर परत पातळ. खळीचा स्वभाव एवढ्याशा बदलाने उलटा होतो. मी हे पहिल्यांदा परीक्षानळीत पाहिलं त्या रात्री गावी फोन केला आणि आण्णांना सगळं सांगितलं. त्यांना गॅलॅक्टोज म्हणजे काय ते कळलं नसेल, पण पीठ आणि चिंचोका वेगळे, हे त्यांचंच म्हणणं होतं.

अशी रचना शोधणं इतकं अवघड का? प्रथिनं डीएनएमधल्या लिखित मजकुरावरून बनतात. माळेचा क्रम तिथे अक्षर अक्षर लिहिलेला असतो. पॉलिसॅकराइडला असा मजकूर नसतो. पेशीतली विकरं एकामागून एक मणी जोडत जातात. त्यामुळे एकाच झाडातल्या दोन माळासुद्धा लांबीला तंतोतंत सारख्या नसतात. शिवाय प्रथिनातला मणी पुढच्या मण्याला एकाच ठरलेल्या पद्धतीने जोडला जातो, तर साखरेच्या मण्याला चार-पाच ठिकाणी गाठ मारता येते, प्रत्येक गाठ अल्फा किंवा बीटा असू शकते, आणि एकाच मण्यावर दोन फांद्याही फुटू शकतात. वीस अमिनो आम्लांतून सहा मण्यांची प्रथिनमाळ ६.४ कोटी प्रकारे बनते. सहा साखरांच्या माळेचे किती प्रकार होतील याचा हिशोब रॉजर लेन या शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडला. त्याचं उत्तर एक लाख कोटींच्या वर गेलं. आणि ही सहा मण्यांची गोष्ट. झाडातल्या माळेत हजारो मणी असतात.

आमचं काम सुरू होतं स्वयंपाकघरासारखंच. वाळवलेली खोडं किंवा बिया कुटायच्या, गरम पाण्यात काढा करायचा, गाळायचा. त्यात तिप्पट-चौपट अल्कोहोल ओतलं की पाण्यात विरघळलेली पॉलिसॅकराइडं पांढऱ्या ढगासारखी वर येतात, कधी तर कापसाच्या तंतूंसारखी काचेच्या कांडीला गुंडाळली जातात. मला सव्वीस वर्षांनंतरही हा क्षण आवडतो. त्यानंतर क्लोरोफॉर्म आणि ब्युटेनॉल घालून हलवत प्रथिनं काढायची, पातळ पडद्याच्या पिशवीत भरून दोन दिवस पाण्यात ठेवायचं म्हणजे सुट्या साखरा आणि क्षार बाहेर निघून जातात. उरलेला द्राव वेगवेगळ्या स्तंभांतून सोडायचा. काही स्तंभ विद्युतभारावरून वेगळं करतात, काही आकारावरून. प्रत्येक नळीतला थेंब फिनॉल आणि सल्फ्युरिक आम्लाबरोबर मिसळला की जिथे साखर असेल तिथे रंग नारिंगी होतो. असं करत दोन किलो खोडांतून शेवटी चमचाभर पांढरी भुकटी हाती येते.

त्या भुकटीत मणी कोणते, हे कळणं फार अवघड नाही. आम्लात उकळून माळ तोडायची आणि सुटे मणी यंत्रावर मोजायचे. खरा प्रश्न असतो गाठी कुठे आहेत. यासाठीची पद्धत मी विद्यार्थ्यांना बांधणीच्या साडीवरून सांगते. बांधणीत कापडाला आधी दोऱ्याने गाठी मारतात, मग रंगात बुडवतात, मग गाठी सोडतात. जिथे गाठ होती तिथे रंग पोचलेला नसतो, पांढरा ठिपका राहतो. आमच्याकडे रंगाच्या जागी मिथाइल गट असतो. साखरेच्या मण्यावरची जी जी टोकं मोकळी आहेत ती सगळी आधी मिथाइलने झाकायची. मग माळ तोडायची. सुट्या झालेल्या प्रत्येक मण्यावर जे टोक झाकलं गेलेलं नाही, तिथे गाठ होती. दोन उघडी टोकं म्हणजे माळेतला साधा मणी, तीन उघडी म्हणजे तिथून फांदी फुटत होती, एकच उघडं म्हणजे तो माळेच्या शेवटचा. १९६४ मध्ये हाकोमोरी या जपानी शास्त्रज्ञाने ही पद्धत अशी सुधारली की जगभर रुळली. १९८४ मध्ये तिची आणखी सोपी आवृत्ती आली. त्यानंतर चुंबकीय अनुनादाच्या यंत्रावर गाठ अल्फा की बीटा ते पाहायचं. भुकटीत पाण्याचा अंश राहिला तर मिथाइल नीट चढत नाही आणि नसलेल्या फांद्या दिसायला लागतात. माझा एक सबंध पावसाळा अशा नसलेल्या फांद्या मोजण्यात गेला आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, तर आपल्या प्रतिकारपेशी हेच वाचतात. जिवाणू आणि बुरशी यांची बाहेरची कवचं बऱ्याच अंशी साखरांच्या माळांचीच असतात. त्यांचा आकार ओळखणारी ग्राहक प्रथिनं आपल्या पेशींवर असतात. डेक्टिन-१ नावाचा असा ग्राहक २००१ मध्ये ऑक्सफर्डच्या गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी ओळखला. तो बुरशीच्या कवचातली ग्लुकोजची माळ पकडतो, पण पहिल्या आणि तिसऱ्या कार्बनमध्ये बीटा गाठ असेल तरच. ज्वारीच्या स्टार्चमध्येही ग्लुकोजच असतो, पण त्याकडे हा ग्राहक ढुंकूनही पाहत नाही. पुढे असंही दिसलं की माळ सुटी, विरघळलेली असेल तर ती ग्राहकाला चिकटते पण पेशी खवळत नाही. कवचाच्या तुकड्यासारखी घन असेल तेव्हाच पेशी कामाला लागते. म्हणून 'अमुक वनस्पतीत बीटा-ग्लुकन आहे' एवढ्या वाक्यावरून माझ्यासारखीला काहीच कळत नाही. गाठ कुठली, फांद्या किती, तुकडा केवढा, हे सांगितल्याशिवाय ते वाक्य अर्धंच आहे.

गुळवेलीवर हे काम नीट झालं ते आपल्याकडे, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात. तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी आणि प्रतिकारशास्त्रज्ञांनी मिळून गुळवेलीच्या वाळलेल्या खोडांतून अरॅबिनोगॅलॅक्टन प्रकारचं एक पॉलिसॅकराइड वेगळं काढलं, त्याला जी१-४ए असं नाव दिलं आणि १९९९ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. त्याचा सरासरी रेणुभार सुमारे २२ लाख. तुलनेसाठी सांगायचं तर एका ग्लुकोजचा १८०. मिथाइलची पद्धत, अर्धवट तोडणी, सगळं करून मग त्यांनी ते उंदरांच्या पेशींवर घातलं. प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या बी-पेशी वाढू लागल्या, आणि त्यासाठी जंतू गिळणाऱ्या महाभक्षी पेशींची मदत लागली नाही. दहा वर्षांनी त्याच केंद्रातून कळलं की हा परिणाम टीएलआर-४ या ग्राहकामार्फत होतो.

टीएलआर-४ हे नाव ऐकलं की आमच्या क्षेत्रातल्या माणसाचे कान टवकारतात. हा ग्राहक मुळात ओळखतो ते जिवाणूंच्या कवचातलं एंडोटॉक्सिन. ब्रूस बॉयटलर यांनी १९९८ मध्ये हे शोधलं ते एंडोटॉक्सिनला दादच न देणाऱ्या उंदरांची एक जात अभ्यासून. त्या उंदरांचा टीएलआर-४ बिघडलेला होता. या शोधासाठी त्यांना २०११ चं नोबेल मिळालं. एंडोटॉक्सिन सगळीकडे असतं. पाण्यात, काचेवर, झाडाच्या खोडावर, अगदी खोडाच्या आतही, कारण तिथेही जिवाणू राहतात. उकळल्याने ते जात नाही. काचेची भांडी अडीचशे अंशांवर अर्धा तास कोरडी तापवावी लागतात. आणि त्याची इवलीशी मात्राही महाभक्षी पेशींना खवळवायला पुरते.

याचा धडा मी स्वतः घेतला आहे. बाजारातून आणलेल्या गुळवेलीच्या खोडांतून मी एक अंश वेगळा केला होता. महाभक्षी पेशींवर घातल्यावर टीएनएफ हे प्रक्षोभक द्रव्य इतकं वाढलं की आकडे पाहून मी दोनदा पट्टी मोजली. सहा महिने त्या अंशावर काम केलं, परिषदेसाठी पोस्टर छापून तयार होतं. एका वरिष्ठ बाईंनी ते वाचून एकच विचारलं, "पॉलिमिक्सिन घालून बघितलंस का गं?" पॉलिमिक्सिन एंडोटॉक्सिनला बांधून निकामी करतं. मी घातलं, आणि जवळजवळ सगळा परिणाम नाहीसा झाला. उरलं ते थोडंसं. पोस्टर गुंडाळून ठेवलं. आम्ही स्तंभ बदलले, भांडी तापवली, पाणी बदललं आणि पहिल्या काढ्यापासून पुन्हा सुरुवात केली. अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठातल्या एका गटाने २००८ मध्ये दाखवलं की प्रतिकार वाढवणाऱ्या म्हणून नावाजलेल्या काही वनस्पतींच्या अर्कांचा परीक्षानळीतला बहुतेक प्रभाव जिवाणूंच्या लायपोप्रथिनांमुळे आणि एंडोटॉक्सिनमुळे असतो. तो निबंध मी आजही प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात वाचायला देते.

एंडोटॉक्सिन शोधायची चाचणीही सोपी नाही. ती बहुतेक वेळा हॉर्सशू क्रॅब या प्राचीन समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तावर चालते. आपल्याकडे हा प्राणी ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडतो. त्याचं रक्त एका साखळी-प्रक्रियेने एंडोटॉक्सिनमुळे गोठतं, आणि दुसरीने बीटा-१,३ ग्लुकनमुळेही गोठतं. म्हणजे ज्या पॉलिसॅकराइडची शुद्धता तपासायची तेच कधी कधी चाचणीला फसवतं. तेव्हाही पुन्हा रचनाच आधी माहीत असावी लागते.

तुर्भ्याच्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. जी१-४ए आधी दिलेल्या उंदरांना नंतर एंडोटॉक्सिनचा घातक डोस दिला, तेव्हा ते वाचले, कारण त्यांच्या शरीरातली प्रक्षोभाची लाट कमी आली. म्हणजे तेच द्रव्य एका ठिकाणी पेशी वाढवतं आणि दुसऱ्या ठिकाणी भडका शमवतं. 'प्रतिकारशक्ती वाढते' या शब्दांत हे कसं बसवायचं? प्रतिकारशक्ती ही काही कणगीतल्या धान्यासारखी एका मापाने मोजायची गोष्ट नाही. तिच्या शेकडो पेशी आणि द्रव्यं एकमेकांना चेतवतात, आवरतात. संधिवाताचे काही प्रकार, सोरायसिस, स्वयंप्रतिकार यकृतदाह हे आजार ती नको तिथे वाढल्यानेच होतात.

हे २०२० मध्ये मी घसा कोरडा होईपर्यंत सांगत होते. सांगोल्याहून, पुण्याहून, एका भाचीचा सिंगापूरहून फोन. गुळवेलीचा काढा दिवसातून किती वेळा घ्यायचा? मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांना गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झाली होती. त्यातल्या काहींत स्वयंप्रतिकाराची लक्षणं होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, गुळवेलीसारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल वापरली गेली असू शकते असं म्हटलं. पुढच्या वर्षी देशातल्या तेरा केंद्रांतून त्रेचाळीस रुग्णांची नोंद आली. इजा पॉलिसॅकराइडने झाली की वेलीतल्या एखाद्या कडू रसायनाने, हे त्यातून ठरत नाही. पण ज्यांना आधीच स्वयंप्रतिकाराचा आजार आहे, यकृत नाजूक आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये, हे मी तेव्हापासून कुणी विचारो न विचारो सांगते.

दुसरा मोठा फरक सुई आणि तोंड यांच्यातला. प्रयोगातल्या उंदरांना अशी द्रव्यं बहुतेक वेळा टोचतात. आपण ती खातो. २२ लाख रेणुभाराची माळ आतड्याच्या भिंतीतून सहज रक्तात जात नाही. स्टार्च सोडला तर अशा बहुतेक माळा तोडणारी विकरं आपल्याकडे नाहीतच. त्या मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांवर जगतात, त्यांतून अॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही छोटी आम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ब्युटिरेटवर पोसल्या जातात, आणि प्रतिकारपेशींना आवर घालणाऱ्या पेशींनाही त्याची मदत होते. म्हणजे गवारीच्या शेंगेतलं, मेथीतलं पॉलिसॅकराइड प्रतिकारशक्तीशी बोलतं ते जिवाणूंच्या मध्यस्थीने. ही वाट मला काढ्याच्या बाटलीवरच्या दाव्यांपेक्षा जास्त भरवशाची वाटते, आणि ती रोजच्या ताटातूनच जाते.

टोचून द्यायचं असेल तेव्हा मात्र रचनेवरची पकड किती उपयोगी पडते, हे इन्युलिनने दाखवलं. चिकोरी आणि डेलियाच्या मुळांत सापडणारी ही फ्रुक्टोजची माळ. नुसती विरघळलेली असताना प्रतिकारपेशी तिच्याकडे लक्ष देत नाहीत. पण तिचे विशिष्ट पद्धतीने स्फटिक केले, ज्याला डेल्टा इन्युलिन म्हणतात, तर ती लशीचा परिणाम वाढवणारी जोड बनते. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेड इथे निकोलाय पेट्रोव्स्की यांच्या गटाने हे घडवलं, आणि त्या इन्युलिनची जोड असलेल्या स्पायकोजेन या करोनाच्या लशीला २०२१ मध्ये इराणमध्ये तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. मणी तेच, गाठीही त्याच, फक्त माळा एकमेकींशेजारी कशा रचल्या एवढा फरक.

गेल्या दिवाळीत गावी गेले तेव्हा भावाच्या मुलाने एक छोटी पुडी हातात दिली. "आत्या, घरचं गुळवेल सत्त्व हाय. लिंबावरची वेल. आईनं काढलंय." पांढरंशुभ्र, बोटांत करकरणारं. मी विचारलं, कसं काढलं? वहिनी म्हणाल्या, खोड ठेचायचं, पाण्यात रात्रभर भिजवायचं, कुस्करून गाळायचं, पाणी स्थिर ठेवायचं. सकाळी वरचं पाणी ओतून द्यायचं आणि तळाला बसलेलं वाळवायचं.

मी माजघरात गेले. मलमपट्टीच्या डब्यात आयोडीनची बाटली होती. बशीत चिमूटभर सत्त्व घेऊन त्यावर दोन थेंब टाकले. पांढरं सत्त्व बघता बघता गर्द निळं झालं, जवळजवळ काळं. स्टार्चच्या मळसूत्रात आयोडीन शिरलं की हाच रंग येतो. थंड पाण्यात न विरघळणारा स्टार्च जड, तो तळाला बसतो. तुर्भ्याला ज्याची रचना उलगडली गेली तसं अरॅबिनोगॅलॅक्टन पाण्यात विरघळतं. वहिनींनी ते सकाळी वरच्या पाण्याबरोबर परसात ओतून दिलं होतं.

पोरगा बशीवर वाकून बघत राहिला. "म्हंजी ह्ये ज्वारीच्या पिठासारखंच?"

"जवळजवळ," मी म्हटलं. "थोडं कडू."

आण्णा ओट्यावर बसून ऐकत होते. आता डोळ्यांनी कमी दिसतं, माग बंद होऊन बारा वर्षं झाली. त्यांनी नातवाला हाक मारली आणि म्हणाले, "अरं, सांदीत चिंचोक्याचा डबा हाय बघ. आत्याला त्येच्यावर बी दोन थेंब टाकाय सांग."

मी चार चिंचोके भिजत घातले. सकाळी सोलले, वाटले, थोडे शिजवले, आयोडीन टाकलं. रंग हिरवट आला, निळा नाही. आण्णांना तो दिसला नाही, म्हणून मी त्यांना सांगितला.